लोलापालूझा (१९९१–१९९७)

लोलापालूझा : अमेरिकेत १९९१ ते १९९७ अशी सात वर्षे दर उन्हाळ्यात निघालेला फिरता रॉक महोत्सव. लॉस एंजेलिसच्या जेन्स अ‍ॅडिक्शन या बँडचा गायक पेरी फॅरेल याने बुकिंग एजंट मार्क गायगर, डॉन म्युलर आणि व्यवस्थापक टेड गार्डनर यांच्या साथीने तो सुरू केला. सात-आठ बँडचा एकच ताफा शहरामागून शहरे घेत देशभर फिरायचा, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत तोच कार्यक्रम दर मुक्कामी नव्याने उभा राहायचा. जत्रा आपल्या गावी येण्याचा हा प्रकार होता. ब्रिटनमधले ग्लास्टनबरी किंवा रेडिंग हे महोत्सव एका जागी भरतात आणि लोक तंबू-गाठोडी घेऊन तिकडे जातात. इथे जत्राच बस-ट्रकमधून लोकांकडे जात असे. याच नावाचा महोत्सव आज शिकागोत आणि मुंबईतही भरतो. या नोंदीचा विषय मात्र नव्वदीतला फिरता लोलापालूझा, आणि त्यातही त्याचे लाइनअप, म्हणजे कोणते बँड कोणत्या क्रमाने वाजवत ती यादी.

‘लोलापालूझा’ हा अमेरिकी बोलीतला जुना शब्द. अर्थ साधारण आपल्या ‘अफलातून’च्या जवळचा. फॅरेलने तो ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटाच्या एका लघुपटात ऐकला आणि उचलला.

उगम

कल्पना रेडिंगची आहे. १९९० साली जेन्स अ‍ॅडिक्शन त्या महोत्सवात वाजवणार होता, पण फॅरेलचा आवाज बसला आणि कार्यक्रम रद्द करावा लागला. ड्रमर स्टीफन पर्किन्स आणि गायगर तरीही तिथे गेले. एकाच तिकिटात इतके वेगवेगळे बँड, आणि ते सगळे ऐकून घेणारा श्रोतृवर्ग, हे पाहून दोघे भारावले. पुढच्या वर्षी जेन्स अ‍ॅडिक्शन फुटायच्या बेतात होता. निरोपाचा दौरा काढायचाच आहे तर तो असा काढू, असे ठरले. म्हणजे एका बँडच्या निरोपसमारंभातून हा महोत्सव जन्माला आला.

पहिला कार्यक्रम १८ जुलै १९९१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स शहराजवळ झाला. रोलिन्स बँड, बटहोल सर्फर्स, आइस-टी, नाइन इंच नेल्स, लिव्हिंग कलर, सूक्सी अँड द बॅन्शीज आणि शेवटी जेन्स अ‍ॅडिक्शन, असा क्रम होता. हार्डकोर पंक, रॅप, यंत्रांवरचे इंडस्ट्रियल संगीत, कृष्णवर्णीय रॉक बँड आणि ब्रिटिश गॉथ एका मंचावर आणणे त्या काळच्या अमेरिकी रेडिओला जमत नव्हते, कारण प्रत्येक स्टेशनचा कप्पा ठरलेला होता. वाळवंटातल्या त्या पहिल्याच दिवशी नाइन इंच नेल्सच्या यंत्रांनी दगा दिला आणि बँडने सामानाची मोडतोड करून सेट अर्धवट सोडला. दौऱ्याला मात्र गर्दी लोटली. सिअ‍ॅटलकडच्या खरबरीत गिटारांच्या रॉकला, म्हणजे ग्रंजला, घरोघरी पोहोचवणारा निर्व्हाना या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम तोवर बाजारातही आलेला नव्हता. तो सप्टेंबरात आला. त्यामुळे ‘ग्रंजच्या लाटेवर लोलापालूझा स्वार झाला’ हे नेहमीचे वाक्य निदान पहिल्या वर्षापुरते चूक आहे.

क्रम आणि पोस्टर

नव्वदीतल्या महोत्सवांची पोस्टरे आज पाहताना नावांनीच डोळे दिपतात. मात्र पोस्टरवरून एक गोष्ट कळत नाही : कोण किती वाजता वाजवत होते.

लोलापालूझाचे बरेचसे मुक्काम ‘शेड’मध्ये असत. पुढच्या भागावर छप्पर आणि नंबर घातलेल्या खुर्च्या, मागे उतारावर मोकळी हिरवळ, अशा खुल्या नाट्यगृहांना धंद्यात शेड म्हणतात. महागडी तिकिटे पुढच्या खुर्च्यांची, आणि ती घेणारे लोक संध्याकाळी उगवायचे. दुपारी पहिला बँड सुरू होई तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि लांब हिरवळीवर तळपत्या उन्हात उभी असलेली पोरे, असे दृश्य असे. नांदीला वाजवणाऱ्या बँडची खरी परीक्षा ही. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात शेवटची हजेरी ज्येष्ठाची असते आणि नवोदिताला सुरुवातीची वेळ मिळते. पण तो क्रम वयाने आणि तपश्चर्येने ठरतो. लोलापालूझात तो ठरे तो कित्येक महिने आधी झालेल्या बुकिंगवर, आणि त्या महिन्यांत जग बदलून जाई.

१९९२ हे त्याचे नामी उदाहरण. लश, पर्ल जॅम, द जीझस अँड मेरी चेन, साउंडगार्डन, आइस क्यूब, मिनिस्ट्री, रेड हॉट चिली पेपर्स, असा क्रम. पर्ल जॅम दुसरा! करार झाला तेव्हा तो सिअ‍ॅटलचा एक होतकरू बँड होता. दौरा निघेपर्यंत त्यांचा ‘टेन’ हा अल्बम अमेरिकेच्या यादीत शिखराजवळ पोहोचला होता. परिणाम असा की, नेहमी रिकाम्या राहणाऱ्या दुपारच्या खुर्च्या त्या वर्षी भरल्या. गायक एडी व्हेडर लोखंडी सांगाड्यांवर चढून गर्दीत उडी घेण्यासाठी आधीच प्रसिद्ध होता. त्यांच्यानंतर उन्हात उभे राहून अंधाऱ्या, मंद, गोंगाटी गाण्यांचा माहोल जमवायचे काम जीझस अँड मेरी चेनच्या वाट्याला आले. धुरात आणि पाठीमागून येणाऱ्या प्रकाशात शोभणारा हा बँड भर दुपारी अगदीच केविलवाणा दिसत असणार. शेवटी चिली पेपर्स डोक्यावर ज्वाळा ओकणारी हेल्मेटे घालून वाजवत. गिटारवादक जॉन फ्रुशांते काही आठवड्यांपूर्वी बँड सोडून गेल्याने त्याच्या जागी अ‍ॅरिक मार्शल आला होता.

त्याच वर्षी दुसरा, छोटा मंच आला. तिथे जिम रोझ सर्कस नावाचा किळसवाण्या करामतींचा ताफा होता. त्यातला एक कलाकार नाकातून नळी घालून बिअर आणि इतर काहीबाही पोटात सोडायचा, पुन्हा तीच बाहेर ओढायचा, आणि मग ती प्यायला कोणी तयार आहे का, असे विचारायचा. प्रेक्षकांतून लोक पुढे येत. व्हेडरनेही ती प्यायल्याचे किस्से प्रसिद्ध आहेत. टॅटू, अंगभर टोचून घेतलेल्या रिंगा, मतदार नोंदणीची टेबले, पर्यावरणवाद्यांची पत्रके हे सगळे याच मैदानात होते.

छोट्या मंचाला पुढच्या वर्षांच्या लाइनअपची रोपवाटिका म्हणता येईल. सायप्रेस हिल १९९२ साली तिथे होते आणि १९९५ साली मोठ्या मंचावर आले. टूलला तर तेवढीही वाट पाहावी लागली नाही : १९९३ साली त्यांनी दौरा छोट्या मंचावर सुरू केला आणि उत्तरार्धात त्यांना मोठ्या मंचावर बढती मिळाली.

फिलाडेल्फिया, १८ जुलै १९९३

या वर्षी प्रायमस आणि अ‍ॅलिस इन चेन्स वरच्या क्रमांकावर, आणि सगळ्यात आधी रेज अगेन्स्ट द मशीन. फिलाडेल्फियाच्या मुक्कामी हे चौघे मंचावर आले ते पूर्ण नग्न. तोंडावर चिकटपट्टी, आणि छातीवर प्रत्येकी एक अक्षर : पी, एम, आर, सी. आक्षेपार्ह गाण्यांच्या अल्बमांवर इशारेवजा लेबले लावण्याचा आग्रह धरणाऱ्या पालकांच्या संघटनेची ही आद्याक्षरे. गिटार आणि बास अ‍ॅम्प्लिफायरला टेकवून ठेवले होते, त्यामुळे सुमारे पाव तास फीडबॅकच्या घोंघाटाखेरीज काहीही वाजले नाही. सुरुवातीला लोकांनी जल्लोष केला. मग लक्षात आले की गाणी होणारच नाहीत, आणि आरडाओरडा आणि फेकाफेक सुरू झाली. बँडने नंतर त्या शहरात नाराज चाहत्यांसाठी फुकट कार्यक्रम केला. हा निषेध रात्री हेडलायनरच्या, म्हणजे शेवटी वाजवणाऱ्या मुख्य बँडच्या, वेळेला झाला असता तर दंगल झाली असती. दुपारच्या पहिल्या सेटला तो पचला. खालच्या क्रमाचा असाही उपयोग असतो.

न वाजलेला हेडलायनर

१९९४ च्या लाइनअपचा विषय निघाला की जो बँड त्यात नव्हता त्याचेच नाव आधी निघते. हेडलायनर निर्व्हाना असणार होता. ७ एप्रिलला त्यांनी अंग काढून घेतल्याचे जाहीर झाले. ८ एप्रिलला त्यांचा गायक कर्ट कोबेन याचा मृतदेह त्याच्या सिअ‍ॅटलच्या घरी सापडला. ती जागा स्मॅशिंग पंपकिन्सला मिळाली. त्यांच्याखाली बीस्टी बॉइज, जॉर्ज क्लिंटन अँड द पी-फंक ऑल स्टार्स, द ब्रीडर्स, अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, निक केव्ह अँड द बॅड सीड्स आणि एल सेव्हन. सातही वर्षांत इतकी बहुरंगी पंगत दुसरी बसली नाही, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. पहिल्या बँडची जागा अर्ध्या दौऱ्यात जपानच्या बोरडम्सकडे आणि उरलेल्या अर्ध्यात ग्रीन डेकडे होती. ग्रीन डेचा ‘डुकी’ अल्बम फेब्रुवारीत आला होता आणि त्यांचे तेच झाले जे दोन वर्षांपूर्वी पर्ल जॅमचे झाले. याच काळात, १४ ऑगस्टला, ते न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीझ गावी ‘वुडस्टॉक ९४’मध्ये वाजवायला गेले. तिथे प्रेक्षकांशी त्यांची खरोखरीची चिखलफेक झाली. मंचावर चढलेल्या लोकांच्या गडबडीत सुरक्षारक्षकाने बासवादक माइक डर्न्टला चाहता समजून धडक दिली आणि त्याचे दात तुटले.

उतार

१९९५ साली हेडलायनर सॉनिक यूथ. समीक्षकांचा लाडका, पण तिकिटे खपवणारा नव्हे. कोर्टनी लव्हचा होल हा बँड त्यांच्या आधी वाजवून जाई आणि त्यामागोमाग बरेचसे मैदान रिकामे होई. गायिका सिनेड ओ’कॉनर गरोदर असल्याने मध्येच दौरा सोडून गेल्या, त्यांच्या जागी ब्रिटनचा इलास्टिका आला. पेव्हमेंट या बँडवर वेस्ट व्हर्जिनियात प्रेक्षकांनी चिखल आणि दगड फेकले आणि बँड सेट टाकून निघून गेला. धंद्याच्या दृष्टीने वर्ष मध्यम गेले. सॉनिक यूथने मात्र मिळालेल्या पैशातून न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ उभारला.

मग पारडे दुसऱ्या टोकाला गेले. १९९६ साली आयोजकांनी मेटॅलिकाला बोलावले. मेटॅलिकाला स्वतःची स्टेडियमे भरायला कोणाचीही गरज नव्हती, त्यामुळे मुख्य प्रवाहाबाहेरच्या रॉकला लावल्या जाणाऱ्या ‘पर्यायी’ (ऑल्टर्नेटिव्ह) या शब्दालाच अर्थ उरला नाही, अशी ओरड झाली. फॅरेलला हा निर्णय मान्य नव्हता. तो बाजूला झाला आणि त्याने एनिट नावाचा वेगळा महोत्सव काढला. आधीच्या दोन वर्षांत ब्रीडर्स, एल सेव्हन, होल असे बायकांचे बँड ठळक होते. या वर्षी मुख्य मंच जवळपास पुरुषांचा होता. तरीही त्या यादीकडे पाहताना चुटपूट लागते. तीत साउंडगार्डन आणि पंक बँड रामोन्स होते. साउंडगार्डन पुढच्या एप्रिलात फुटला. रामोन्सनी ६ ऑगस्ट १९९६ रोजी हॉलिवुडमध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि तिथे साउंडगार्डन, पर्ल जॅम, रॅन्सिड या बँडांतले लोक पाहुणे म्हणून मंचावर चढले.

१९९७ साली ऑर्बिटल, द ऑर्ब, प्रॉडिजी, ट्रिकी असे इलेक्ट्रॉनिक वळण घेऊन पाहिले. सोबत टूल, स्नूप डॉगी डॉग आणि कॉर्न होते. कॉर्नला गिटारवादकाच्या मेंदुज्वराने मधूनच माघार घ्यावी लागली. १९९८ साठी हेडलायनरच मिळेना, तेव्हा दौरा रद्द झाला.

तोवर लोलापालूझाने बांधलेल्या एका छपराखालची मंडळी आपापली बिऱ्हाडे थाटून बसली होती. लांबलचक जॅम वाजवणाऱ्यांचे एच.ओ.आर.डी.ई. (१९९२), पंक आणि स्केटबोर्डवाल्यांचा वॉर्प्ड टूर (१९९५). ऑझी ऑस्बॉर्नला लोलापालूझाने नाकारले म्हणून पत्नी शॅरनने १९९६ साली ऑझफेस्ट काढला. गायिका सारा मॅक्लॉक्लन हिला, दोन बायकांना पाठोपाठ मंचावर ठेवले तर तिकिटे खपत नाहीत, असे आयोजक सांगत. तिने १९९७ साली फक्त गायिकांचा आणि गायिकांच्या बँडचा लिलिथ फेअर काढून ते खोटे पाडले. प्रत्येकाला आपापल्या आवडीचा महोत्सव मिळाला. रॅप ऐकायला आलेल्याला चुकून निक केव्ह ऐकावा लागण्याची सोय मात्र संपली. आणि जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी हवाई दलाच्या जुन्या तळावर झालेल्या ‘वुडस्टॉक ९९’मध्ये चार डॉलरची पाण्याची बाटली, तापलेली धावपट्टी, लैंगिक अत्याचार आणि शेवटच्या रात्रीच्या आगी पाहिल्यावर मोठ्या रॉक महोत्सवांबद्दलचा भाबडेपणाही गेला.

नंतर, आणि मुंबई

२००३ साली पुन्हा एकत्र आलेल्या जेन्स अ‍ॅडिक्शनसह दौरा परत निघाला. २००४ चा दौरा तिकिटे न खपल्याने रद्द झाला. २००५ पासून महोत्सव शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये स्थिरावला, म्हणजे शेवटी रेडिंगसारखाच एका जागी बसला. सँटियागो (२०११) पासून त्याच्या परदेशी शाखा सुरू झाल्या.

नव्वदीत मुंबई-पुण्याच्या पोरांना हे लाइनअप कळत ते केबलवरच्या एमटीव्हीतून आणि कॅसेटच्या घडीच्या कागदावर बारीक टायपात छापलेल्या नावांतून. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्याने कॅसेट ऐकून बघणे हा त्या पिढीचा छोटा मंच. घरचा महोत्सव होता तो धोबीतलावाच्या रंगभवनातला इंडिपेंडन्स रॉक, १९८६ पासूनचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. लोलापालूझा स्वतः मुंबईत आला २८ व २९ जानेवारी २०२३ रोजी, महालक्ष्मी रेसकोर्सवर. आशियातली ही त्याची पहिली शाखा. इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स हे हेडलायनर होते. मार्च २०२५ च्या आवृत्तीत पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत दोन नावे होती : शॉन मेंडिस, आणि १९९४ साली दुपारचा पहिला सेट वाजवणारा ग्रीन डे.