‘करमणूक’मध्ये दडलेला अणू

‘करमणूक’ हा शब्द कागदावर लिहा आणि त्याच्याच अक्षरांतून जमतील तेवढे छोटे शब्द काढा. अक्षर मूळ शब्दात जितक्या वेळा आहे तितक्याच वेळा वापरायचे, क्रम मात्र हवा तसा बदलायचा. कर, कम, रकम चटकन सापडतात. थोडा जोर लावला की मकर आणि कमर. मग कुणीतरी ‘मरण’ म्हणते आणि वाद सुरू होतो: इथे ‘णू’ आहे, ‘ण’ कुठे आहे?

हा वाद मला फार मोलाचा वाटतो. मराठीत शब्दातून शब्द काढायचे तर आधी ठरवावे लागते की ‘अक्षर’ कशाला म्हणायचे, आणि उत्तर बदलले की सगळा खेळ बदलतो.

डोळ्यांना ‘करमणूक’मध्ये पाच अक्षरे दिसतात: क, र, म, णू, क. संगणकाला विचारले तर तो सहा सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ण’ला वेगळा क्रमांक आहे आणि दीर्घ उकाराला वेगळा, ‘णू’ ही त्या दोघांची जोडी म्हणून साठवली जाते. (उकार एकटाच टाइप केला तर पडद्यावर बरेचदा ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळलेला दिसतो, तो यामुळेच.) हा नियम मानला की ‘ण’ मोकळा होतो. कण, रण, मण, करण, रमण आणि ते वादग्रस्त मरण, सगळे चालतात. सुटलेला उकार ‘म’ला लावला की ‘मूक’ तयार.

आता तिसरी पायरी. शाळेत वर्णविग्रह करायचो तसा करू: क् + अ + र् + अ + म् + अ + ण् + ऊ + क् + अ. झाले दहा वर्ण. ‘क’च्या पोटातला ‘अ’सुद्धा आता सुटा झाला, त्यामुळे जोडाक्षरे बांधता येतात आणि स्वराने सुरू होणारे शब्दही. क्रम, कर्म, कर्ण, कर्क, कूर्म. अर्क, अमर, ऊर. आणि अणू! पाच अक्षरांच्या ‘करमणूक’मध्ये ‘अ’ कुठेही दिसत नाही, तरी त्यात अणू होता. याच पातळीवर लक्षात येते की ‘क्रम’ आणि ‘कर्म’ यांचे वर्ण तेच आहेत, फरक आहे तो फक्त क्रमाचा. ‘कर’ आणि ‘अर्क’ यांचेही तसेच.

हे शोधायचे कसे? सगळ्या मांडण्या करून बघणे हा सरळ मार्ग आहे, पण तो लवकर आवाक्याबाहेर जातो. पाच अक्षरांचा नियम धरला तर एक ते पाच लांबीच्या १७० वेगवेगळ्या मांडण्या होतात. दहा वर्ण धरले तर नुसत्या पूर्ण लांबीच्याच ७५,६०० होतात, त्याहून छोट्या वेगळ्याच.

यातून सुटण्याची युक्ती साधी आहे. रकम, मकर आणि कमर हे तिन्ही शब्द घ्या आणि प्रत्येकाची अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावा. तिन्हींतून एकच उत्तर येते: क, म, र. ही झाली त्या शब्दांची किल्ली. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अशी किल्ली एकदाच काढून ठेवायची आणि एका किल्लीचे शब्द एका कप्प्यात टाकायचे. मग क्रमाचा विचारच उरत नाही. कोणती अक्षरे उचलली आणि किती, एवढेच बघायचे. ‘करमणूक’मधून अक्षरे उचलण्याचे प्रकार फक्त २३ आहेत. सुटा उकार धरला तर ४७, आणि दहा वर्ण धरले तरी २३९. म्हणजे त्या हजारो मांडण्यांऐवजी २३९ कप्पे उघडून पाहिले की काम झाले.

दुसरी एक युक्ती मला गणिताच्या दृष्टीने सर्वांत देखणी वाटते. प्रत्येक अक्षराला एकेक मूळ संख्या द्या: क म्हणजे २, र म्हणजे ३, म म्हणजे ५, णू म्हणजे ७. शब्दातल्या संख्यांचा गुणाकार करा. ‘करमणूक’चा होतो ४२०, ‘रकम’चा ३०. ४२० ला ३० ने पूर्ण भाग जातो, म्हणून ‘रकम’ आत आहे. भागाकार येतो १४, म्हणजे २ गुणिले ७; उरलेली अक्षरे कोणती तेही त्याने सांगितले, क आणि णू. ‘करकर’चा गुणाकार ३६. त्याने ४२० ला भाग जात नाही, कारण ‘करकर’ला दोन ‘र’ लागतात आणि आपल्याकडे एकच आहे. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, या नियमावर हे सगळे उभे आहे. गणितज्ञ गाउस यांनी १८०१ मध्ये त्याची काटेकोर सिद्धता दिली. लांब शब्दांत हे गुणाकार अवाढव्य होतात, म्हणून प्रत्यक्षात नुसती मोजदाद सोयीची पडते.

तिसरा मार्ग झाडाचा. शब्दकोश असा मांडायचा की समान सुरुवातीचे शब्द एकाच फांदीवरून पुढे जातील. या रचनेला ‘ट्राय’ हे नाव एडवर्ड फ्रेडकिन यांनी १९६० मध्ये दिले. फायदा असा, की जिथे फांदीच नाही तिथे पाऊल टाकायचे कारण नाही. मराठीत ‘णू’ने सुरू होणारा शब्द नाही, त्यामुळे १७० पैकी ३५ मांडण्या एका नजरेत बाद. पुढे १९८८ मध्ये अँड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांतून शब्द जुळवण्याचा खेळ खेळणाऱ्या संगणकासाठी समान शेवटसुद्धा एकत्र विणले. मराठीत हे किती उपयोगी पडेल पाहा: करमणूक, फसवणूक, अडवणूक, मिरवणूक या सगळ्यांचे शेपूट एकच.

माणसाचा मेंदू यातले काहीच करत नाही. तो शब्द अखंड ओळखायला सरावलेला असतो, आणि ‘करमणूक’ दिसली की करमणूकच दिसत राहते. मेझ्नर आणि ट्रेसेल्ट यांनी १९५८ मध्ये दाखवले की विस्कटलेला शब्द सुटायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो: तो शब्द किती रुळलेला आहे आणि अक्षरे कोणत्या क्रमाने समोर ठेवली आहेत. पहिली गोष्ट आपल्या हातात नाही, दुसरी मात्र नक्की आहे. पॉल मॅग्लिओ, डेव्हिड कर्श आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्क्रॅबलच्या सोंगट्यांवर प्रयोग केले, तेव्हा सोंगट्या हाताने हलवता आल्या की लोकांना जास्त शब्द सुचले.

म्हणून कागदाच्या दहा चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक वर्ण लिहा आणि त्या टेबलावर सरकवत राहा. क्, ऊ, र्, म्, अ बाजूला घेतले की कूर्म होतो. उरतात क्, ण् आणि तीन अ. त्यांतून कण निघतो, आणि टेबलावर एकटा अ उरतो.