टोमण्यांनी वजन उतरत नाही

‘थोडं चिडवलं तर काय बिघडलं? लाज वाटली की आपोआप कमी खाईल!’ लठ्ठ मुलांबद्दल असं बोलणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. शरीर मात्र हा हेतू ओळखत नाही.

1961 साली अमेरिकेत रिचर्डसन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा मुलांची चित्रं दाखवून आवडीप्रमाणे क्रम लावायला सांगितला. कुबड्या घेतलेला, चाकाच्या खुर्चीतला, एक हात नसलेला, चेहऱ्यावर व्यंग असलेला, लठ्ठ आणि यांपैकी काहीच नसलेला. लठ्ठ मूल सर्वांत शेवटी गेलं. 2003 साली हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा ही नावड कमी होण्याऐवजी वाढलेली आढळली.

अशी नावड रोज झेलणाऱ्या मुलाच्या शरीरात काय चालतं ते पाहण्यासारखं आहे. अपमान हा मेंदूच्या लेखी धोकाच. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, तिचं संप्रेरक मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना जागं करतं आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मिसळतं. एरवी पुरेसं झालं की कॉर्टिसॉलच हायपोथॅलॅमसला थांबवतं. पण टोमणे वर्गात, मैदानावर आणि घरीही चालूच राहिले, तर इशारेही येतच राहतात. मग भूक वाढते, गोड आणि तेलकट खावंसं वाटतं. पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉलचे ग्राही (ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा) त्वचेखालच्या चरबीपेक्षा जास्त असल्याने साठा तिथे होऊ लागतो. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे चरबीच्या पेशींत 11-बीटा-एचएसडी-1 नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते निष्क्रिय कॉर्टिसोनपासून पुन्हा कॉर्टिसॉल बनवतं. म्हणजे ग्रंथी शांत असल्या तरी चरबी स्वतःपुरतं कॉर्टिसॉल तयार करू शकते! (हे वाचून ‘कॉर्टिसॉल उतरवणारं’ पेय विकत घ्यायला धावू नका. अशा बाटल्यांमध्ये जाहिरातच जास्त असते.)

सगळा दोष कॉर्टिसॉलचा नाही. वजनात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, झोप आणि आहार आहेतच. चिडवलं गेलेलं मूल खेळायला जाणं टाळतं, एकटं पडतं. नैराश्य आणि लठ्ठपणा तर दोन्ही बाजूंनी एकमेकांना वाढवतात.

म्हणूनच उपचारांत बोलण्याची पद्धतही मोजली जाते. वजन सगळ्यांसमोर नव्हे, आडोशाला करावं. खाण्यातला बदल सगळ्या घराने करावा, एकट्या मुलाचं ताट वेगळं काढू नये. आणि मैदानावर त्याला आधी खेळू द्यावं, आकडे नंतर पाहता येतात.