काढा, चूर्ण आणि बीपीची गोळी

हार्टच्या पेशंटला ओपीडीत "कुठली औषधं चालू आहेत?" असं विचारलं की तो पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ठेवतो. पण सकाळी अनशापोटी घेतो तो अर्जुनाचा काढा, खोकल्यासाठी चालू असलेलं ज्येष्ठमधाचं चूर्ण, यातलं काही सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नाहीच, घरचं आहे. मला याची फार काळजी वाटते. झाडपाल्यात काही दम नसता तर प्रश्नच नव्हता, दम आहे म्हणून तर सांगायला पाहिजे.

आणि दम किती असू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. सर्पगंधाची कडू मुळी आपल्याकडे वैद्य लोक पिढ्यानपिढ्या वापरत होते, झोप येत नाही, डोकं ठिकाणावर नाही अशांना देत, बिहारमध्ये तर तिला सरळ 'पागल की दवा' म्हणायचे. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी दिल्यावर ब्लड प्रेशरही उतरतं. मग मुंबईच्या केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या पेशंटना देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये 50 पेशंटचा अभ्यास 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. त्या काळात हाय बीपीवर धड औषधच नव्हतं, त्यामुळे जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं बीपी उतरवणारं द्रव्य, रेसरपिन, वेगळं काढलं, त्याच्या गोळ्या जगभर गेल्या, आणि 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

रेसरपिन काम कसं करतं? आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अगदी बारीक पिशव्या असतात, त्यात नॉरअ‍ॅड्रेनलिन हे निरोप पोचवणारं रसायन भरून ठेवलेलं असतं, मज्जातंतूतून निरोप आला की ते बाहेर पडतं, रक्तवाहिन्या आवळतात, हार्ट जोरात चालतं. रेसरपिन या पिशव्या भरूच देत नाही. साठा संपला की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. पण त्याच पिशव्या मेंदूतही आहेत, आणि तिथे डोपामिन, सेरोटोनिन ही मेंदूची रसायनंही भरलेली असतात, म्हणून काही पेशंटना उदासी यायची, हात थरथरायचे, नाक चोंदणं तर नेहमीचंच. शिवाय साठा परत भरायला वेळ लागतो, त्यामुळे औषध बंद केलं तरी परिणाम कित्येक दिवस टिकतो. गोळीचा डोस असतो 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या चौथ्या भागात एवढं सगळं घडतं! आता मुळीत किती रेसरपिन आहे हे जमीन, मोसम, झाडाचं वय यावर बदलतं, मग चमच्याने मोजलेल्या चूर्णात नक्की किती गेलं हे कोण सांगणार? म्हणून सर्पगंधा स्वतःच्या मनाने घेऊ नये हे मी अगदी ठासून सांगते.

अर्जुनाचं तसं नाही. त्याची साल दूध-पाण्यात उकळून पाणी आटेपर्यंत शिजवतात, तो क्षीरपाक अनेक घरांत होतो. 1995 मध्ये हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हार्ट पुरेसं पंप करत नाही अशा, फक्त 12 पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात चांगला फरक दिसला आणि तो आजही जाहिरातींना कामी येतो. पण नंतर दिल्लीच्या एम्समध्ये 100 पेशंटवर नीट चाचणी झाली, अर्ध्यांना अर्जुन, अर्ध्यांना खोटं औषध, कुणाला काय मिळतंय ते पेशंट-डॉक्टर दोघांनाही माहीत नाही, तर 12 आठवड्यांनी हार्टची पंपिंग काही वाढलेली दिसली नाही. मुद्दा एवढाच की अर्जुनाच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करण्याइतका पुरावा आज हातात नाही.

लसणाचं थोडक्यात. भाजीतला लसूण बिनधास्त खा, पण लसणाच्या कॅप्सूल रोज घेत असाल आणि सोबत रक्त पातळ करायची गोळी असेल, तर रक्तस्राव वाढू शकतो, ऑपरेशन ठरलं असेल तर आधी सर्जनला सांगाच.

सगळ्यात बेसावध पकडतं ते ज्येष्ठमध, कारण ते गोड आहे, लहान मुलांनाही देतात. त्यातलं ग्लिसरायझिन किडनीतल्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, बीपी चढतं. एखादा तुकडा चघळल्याने काही होत नाही, रोज भरपूर आणि आठवडेच्या आठवडे घेतलं की होतं. त्यात पेशंट पाणी काढायची गोळी घेत असेल तर पोटॅशियम आणखी खाली जातं, आणि वर डिगॉक्सिन ही हार्टची गोळी चालू असेल तर ठोके बिघडून जीवावर बेतू शकतं. डॉक्टर बीपीच्या गोळ्या वाढवत राहतात आणि कारण मात्र स्वयंपाकघरातल्या बरणीत असतं. ज्येष्ठमध थांबवल्यावरही पोटॅशियम जागेवर यायला दोनेक आठवडे लागू शकतात, तेव्हा "आता बंद केलंय" म्हणून गप्प बसू नका, गेल्या आठवड्यापर्यंत घेत होतात हेही डॉक्टरला सांगा.