मुळांवाचून वाढणारा कोम्बू

यवतमाळ-अमरावतीकडच्या कृषी केंद्रांत कपाशी आणि संत्र्यावर फवारण्यासाठी समुद्री शेवाळाच्या अर्काच्या बाटल्या मिळतात. त्यांतील बरेच अर्क उत्तर अटलांटिकच्या थंड, खडकाळ किनाऱ्यावरील तपकिरी शेवाळापासून काढलेले असतात. याच तपकिरी शेवाळांपैकी कोम्बू जपान, कोरिया आणि चीनमध्ये आवडीने खाल्ला जातो.

जपानच्या होक्काइदो बेटाच्या किनाऱ्याजवळ खडकाला चिकटून वाढणारा, कित्येकदा माणसाहून लांब होणारा कोम्बू दिसतो झाडासारखा. मात्र जीवशास्त्रज्ञ त्याला खऱ्या वनस्पतींत धरत नाहीत. त्याच्या तळाशी मुळांसारखे फाटे असतात, पण त्यांचे काम केवळ खडक धरून ठेवण्याचे. नायट्रेट, फॉस्फेट ही पोषकद्रव्ये तो भोवतालच्या पाण्यातून थेट पात्याने शोषतो. आपण पिकावर विद्राव्य खत फवारतो, तशी फवारणी समुद्र त्याच्यावर अहोरात्र करीत असतो, असे म्हणता येईल. थंड पाण्याची त्याला गरज का, याचे एक कारण येथेच आहे: वरचे पाणी तापून हलके झाले की ते वरच राहते, खालचे पोषक पाणी त्यात मिसळत नाही आणि पात्याची उपासमार होते.

लाटांचे तडाखे सोसणारी लवचिकता त्याला पेशीभित्तिकेतील अल्जिनेट या चिकट पदार्थामुळे मिळते. तपकिरी शेवाळांतून काढलेले सोडियम अल्जिनेट सुती कापडावर रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगांची छपाई करताना रंगाचे द्रावण दाट करण्यासाठी वापरतात, कारण स्टार्चची खळ रंगाशीच अभिक्रिया करते. विदर्भातील कापसाचा या शेवाळांशी संबंध फवारणीपुरताच नाही, तो असा.

कोम्बूच्या चवीचे श्रेय ग्लुटामेट या घटकाला जाते; जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये ते कोम्बूच्या कढणातून वेगळे केले. आयोडीनचा शोधही 1811 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतूनच लागला, आणि कोम्बू खाताना खरी सावधगिरी याच आयोडीनची बाळगावी लागते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, तर एक ग्रॅम वाळलेल्या कोम्बूत ते अनेकदा 1000 मायक्रोग्रॅमहून अधिक असते. आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ घरोघरी असल्याने शेवाळाची भुकटी किंवा गोळ्या ‘नैसर्गिक’ म्हणून रोज घेण्याचे कारण नाही. थायरॉईडच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत. उकळल्यावर कोम्बूतील बरेचसे आयोडीन पाण्यात उतरते, त्यामुळे पाते बाजूला काढून केवळ कढण प्यायल्याने ते टळत नाही.