बीएमटीची खोली आणि आयसीयू

बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी (बीएमटी, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणारा मगज बदलणं) जळगाव-धुळ्याकडचा माणूस मुंबईला ॲडमिट झाला की गावाकडून फोन सुरू होतात: "भाऊ आयसीयूमा शे का?" सोबतच्याने पेशंटला काचेतूनच पाहिलेलं असतं, म्हणून तोही "हो" म्हणून टाकतो आणि घरी रडारड होते. ही रडारड टाळता येण्यासारखी आहे.

बीएमटीची खोली आधी ठरवून मिळते. मोठ्या डोसच्या केमोने जुना मॅरो रिकामा करतात, मग स्टेम सेल, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, रक्तासारख्याच शिरेतून चढवतात. नवा मॅरो काम करू लागेपर्यंत पांढऱ्या पेशी जवळपास नसतातच. म्हणून खोलीतली हवा बारीक फिल्टरमधून येते आणि आतला दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी व्हरांड्यातली हवा आत शिरत नाही. जेवण ताजं, गरम. कच्चा कांदा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर बंद; आपल्याकडची केळीसुद्धा आहारतज्ज्ञाला विचारूनच. पेशंट चालतो, फोनवर बोलतो. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रिपोर्टमध्ये सलग तीन दिवस 500 च्या वर राहिल्या की मॅरो रुजला असं धरतात. ही खोली प्रत्येकाच्याच वाट्याला येते. तिथे असणं म्हणजे तब्येत बिघडणं नव्हे.

आयसीयूत मात्र एखादा अवयव हात टेकतो तेव्हा नेतात. श्वास लागतो, बीपी पडतं, किडनी थांबते. बहुतेकदा मागे जंतुसंसर्ग असतो. तिथे व्हेंटिलेटर, बीपीची औषधं, डायलिसिस असतं.

आणि इथे "ट्रान्सप्लांट झालाय" एवढंच सांगून भागत नाही. मल्टिपल मायलोमा या मॅरोच्या कॅन्सरमध्ये बहुधा पेशंटच्या स्वतःच्याच पेशी परत देतात. त्यात आयसीयूची पाळी कमी येते, आली तरी बरे होणारे जास्त. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटला, किंवा सातपुड्याच्या पट्ट्यातल्या सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराच्या मुलाला, भावा-बहिणीच्या पेशी दिल्या तर गोष्ट वेगळी. नव्या पेशी पेशंटच्याच त्वचेवर, आतड्यांवर, लिव्हरवर हल्ला करू शकतात. तो आवरायला दिलेली औषधं प्रतिकारशक्ती आणखी दाबतात. म्हणून शेजारच्या गल्लीतल्या काकांचं जे झालं, ते आपल्या पोराला लावू नका.

भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. त्या काळात जगभर दुसऱ्याच्या पेशी घेतलेला पेशंट व्हेंटिलेटरवर गेला, तर दहातला एखादाच वाचायचा. तेव्हाची भीती खोटी नव्हती. आता आयसीयूत गेलेल्या ट्रान्सप्लांट पेशंटपैकी ढोबळमानाने निम्मे तिथून बाहेर येतात. वर्षभरानंतर हयात असणारे मात्र त्याहून बरेच कमी, हेही घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं. केवळ जास्त ऑक्सिजनसाठी किंवा मास्कमधून श्वासाला आधार द्यायला नेलेला पेशंट आणि व्हेंटिलेटर, बीपीची औषधं, डायलिसिस तिन्ही लागणारा पेशंट यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून डॉक्टरांना "वाचेल का?" एवढंच विचारून थांबू नका. किती अवयवांना आधार लागतोय, नव्या पेशींचा हल्ला आहे का, पांढऱ्या पेशींचा काउंट वर येतोय का, मूळ आजार आटोक्यात आहे का, हे विचारा. बऱ्याचदा डॉक्टर आधी काही दिवस पूर्ण ताकदीने उपचार करतात आणि मग घरच्यांसोबत पुन्हा बसतात. ती बैठक कधी, हेही विचारून ठेवा.

आयसीयूत लवकर नेलेल्यांचं उशिरा नेलेल्यांपेक्षा बरं होतं. म्हणूनच दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्यांना सुट्टीनंतरही, ट्रान्सप्लांटपासून साधारण 100 दिवस होईपर्यंत, हॉस्पिटलजवळ राहायला सांगतात. जळगाव तिथून चारशेहून जास्त किलोमीटर. रात्री ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर गेला तर सकाळच्या गाडीची वाट बघत बसायचं नसतं. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. खोलीचं भाडं, तिथलं जेवणखाण अंगावर येतं हे खरं, पण पैशांची जुळवाजुळव करताना हे तीन महिने आधीच हिशेबात धरा.