अल्पमुदतीचे भाडेघर (नवी मुंबई)

राहता किंवा गुंतवणुकीसाठी घेतलेला फ्लॅट सामानसुमानासह तयार ठेवून तो एका रात्रीपासून काही आठवड्यांपर्यंत पाहुण्यांना भाड्याने देण्याचा व्यवसाय. बुकिंग बहुधा एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम यांसारख्या संकेतस्थळांवरून किंवा ओळखीपाळखीतून होते. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सपेक्षा हा व्यवहार मुळातच वेगळा आहे. तिथे मालक घर देतो आणि महिन्याला भाडे घेतो. इथे त्याला घराबरोबर चादरी, वीज, इंटरनेट, साफसफाई आणि रात्री अकराला किल्ली न सापडणाऱ्या पाहुण्याचा फोन हेही सांभाळावे लागते.

अलिबाग किंवा लोणावळ्याला माणूस सुट्टीसाठी जातो, नवी मुंबईत तो कामासाठी येतो. गुंतवणूकदाराने बाकी सारे ठरवण्याआधी हे ध्यानात घ्यावे, कारण घर कोणत्या नोडमध्ये (नवी मुंबईतल्या उपनगरांना नोड म्हणतात), किती खोल्यांचे आणि कोणत्या मजल्यावर घ्यायचे, हे येणाऱ्याच्या कामावरून ठरते. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात आयटी पार्क आणि कंपन्यांची कार्यालये असल्याने प्रोजेक्टसाठी आलेले इंजिनिअर सोमवार ते शुक्रवार राहतात. वाशीत सिडकोचे (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचे) प्रदर्शन केंद्र आणि एपीएमसी हे घाऊक मार्केट आहे; तिथला पाहुणा दोन-तीन रात्रींचा असतो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तर 2 नोव्हेंबर 2025 रोजी महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अशा रात्री आसपासचे दर चढतात, पण त्या वर्षातून मोजक्याच. त्यांच्या भरवशावर फ्लॅट घेणे चुकीचे ठरते.

खारघरची मागणी वेगळी आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. टाटा मेमोरियल सेंटरची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन व उपचार संस्था इथे आहे. रेडिएशनचे उपचार अनेकदा काही आठवडे, सुट्ट्यांचे दिवस सोडून रोज चालतात. जळगाव, नांदेड किंवा थेट बिहार-बंगालमधून आलेल्या कुटुंबाला हॉटेल परवडत नाही आणि हॉटेलचे तिखट जेवण रुग्णाला चालत नाही. त्यांना हवी असते शेगडी, प्रेशर कुकर, पाण्याचा फिल्टर, बंद न पडणारी लिफ्ट आणि कमोडशेजारी हाताला धरायला दांडी. भिंतीवरच्या निऑन दिव्यांशी त्यांना कर्तव्य नसते. असे कुटुंब महिना-दीड महिना राहते, घर जपते, शेजाऱ्यांना त्रास देत नाही. दर थोडा कमी ठेवूनही मालकाला हे परवडते, शिवाय अडलेल्या माणसाची सोय होते.

आता हिशेब. तो करताना बहुतेक जण रात्रीच्या दराला तीसने गुणतात आणि तिथेच फसतात. समजा, एका वन बीएचकेला साधे मासिक भाडे 25,000 रुपये मिळते आणि रात्रीचा दर 2,500 आहे. महिन्यात 15 रात्री भरल्या तर जमा 37,500. संकेतस्थळाचे कमिशन 15 टक्के धरले तर 5,625 गेले. सहा मुक्कामांची साफसफाई-धुलाई प्रत्येकी 700 प्रमाणे 4,200, वीज, गॅस व इंटरनेट 5,000 आणि साबणापासून नळाच्या वॉशरपर्यंत किरकोळ 2,000. हाती राहिले 20,675, म्हणजे साध्या भाड्यापेक्षा कमी. 20 रात्री आणि आठ मुक्काम झाले, वीज हजाराने वाढली, तर हाती 28,900 राहतात. या उदाहरणात बरोबरी साधारण अठराव्या रात्री होते. जमा रकमेच्या 20 टक्के घेणारा व्यवस्थापक नेमला तर वीस रात्रीही पुरत नाहीत. सोफा, एसी, वॉशिंग मशीन, गाद्या यांचा सुरुवातीचा खर्च आणि गृहकर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही. म्हणून मालक किंवा घरातले कोणी जवळपास राहत असेल तरच हा धंदा सहसा जमतो. परगावी बसून तो चालवणे महागात पडते.

कायद्याच्या बाजूने पहिला प्रश्न सोसायटीचा. पाहुणा आधी गेटवर वॉचमनसमोर उभा राहतो. तिथे अडला तर आतल्या सजावटीचा उपयोग शून्य. फ्लॅट निवासी वापराचा असतो आणि दर दोन दिवसांनी नवे चेहरे लिफ्टमध्ये दिसू लागले की सभासदांची तक्रार रास्तच असते. शनिवारी रात्री पार्टीसाठी घर देणाऱ्या एका मालकामुळे अख्ख्या इमारतीत अल्पमुदतीच्या भाड्यावर बंदी येते. त्यामुळे टोकन देण्याआधी सोसायटीचे उपविधी आणि मागच्या सर्वसाधारण सभांचे ठराव वाचावेत, सेक्रेटरींना समक्ष भेटून काय करायचे आहे ते स्पष्ट सांगावे आणि होकार लेखी घ्यावा. ‘नातेवाईक आलेत’ असे सांगून चालवलेले घर फार काळ टिकत नाही. मालक स्वतः राहत नसल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते. राज्य शासनाच्या 2001 च्या आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही.

नवी मुंबईतली बरीचशी जमीन सिडकोने 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. तेव्हा खरेदीत सिडकोची परवानगी व हस्तांतरण शुल्क आणि भाडेपट्ट्यातली वापराची अट तपासावी लागते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) नसलेल्या किंवा गावठाणालगतच्या अनधिकृत इमारतीतला स्वस्त फ्लॅट या धंद्यासाठी घेऊच नये.

मुक्काम महिन्यावर जात असेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार करणे उत्तम. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी व नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि कलम 24 मुळे मुदत संपल्यावर ताबा परत मिळवणे सोपे होते. प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र नोंदवून ठेवावे. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत विदेशी नागरिकांच्या नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवावी लागते. केंद्राच्या ‘इनक्रेडिबल इंडिया बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत मालकाने त्याच घरात राहणे अपेक्षित असल्याने रिकामा गुंतवणुकीचा फ्लॅट तिच्यात बसत नाही.

सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर मालकाला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगचा कर तेव्हा संकेतस्थळच भरते. प्राप्तिकरात, साफसफाई, धुलाई अशा सेवांसह मिळणारे उत्पन्न बहुधा धंद्याचे मानले जाते. म्हणजे घरभाड्यावरची 30 टक्क्यांची सरसकट वजावट विसरायची आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवायच्या.

मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतू या सागरी पुलाचे उद्घाटन 12 जानेवारी 2024 रोजी झाले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. उलवे आणि द्रोणागिरीतले फ्लॅट या दोन प्रकल्पांच्या नावावर वर्षानुवर्षे विकले गेले आहेत. पहाटेच्या विमानाचा प्रवासी एका रात्रीसाठी येतो आणि रोज नवा येतो, म्हणजे साफसफाईही रोजची. शिवाय उलवे, खारघर, तळोजा या भागांत उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. घर बघायला जायचे तर मे महिन्यात जावे आणि टँकर किती येतात, त्याचे पैसे कोण भरते, हे वॉचमनला विचारावे.

पावसाळ्यात कस लागतो तो चादरींचा. सकाळी अकराला एक पाहुणा निघतो, दुपारी दोनला दुसरा येतो, आणि जुलैत बाल्कनीतली चादर दोन दिवस वाळत नाही. दमट चादरीचा वास पाहुण्याच्या लगेच लक्षात येतो. प्रत्येक पलंगासाठी तीन जोड आणि बाहेरची लाँड्री ठरवून ठेवावी लागते. कपाटामागची भिंत आठवड्याला तपासावी, कारण घर काही दिवस बंद राहिले की बुरशी तिथूनच सुरू होते. पाहुणा नसला तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणीतरी जाऊन खिडक्या उघडणे आणि नळ सोडून पाहणे आवश्यक असते.