गगनचुंबी इमारत शाळेच्या अभ्यासात कशी आली

एकाच वस्तूच्या आधारे भाषा, गणित, विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवायचे, अशा अध्यापनासाठी अमेरिकेतल्या शिक्षकांनी ज्या वस्तू निवडल्या, त्यांत गगनचुंबी इमारतीला गेली शंभर वर्षे ठळक स्थान आहे. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. विषयांच्या चौकटी ओलांडून शिकवण्याचा विचार आणि पोलादी सांगाड्याची उंच इमारत ही दोन्ही एकाच शहरात, एकाच पिढीच्या काळात आकाराला आली आणि पुढे दोन्हींनी शिकागोहून न्यूयॉर्कची वाट धरली.

ऑक्टोबर 1871 मधल्या आगीत शिकागोचा मध्यवर्ती भाग जळून गेला. पुढच्या दोन दशकांत, रेल्वेच्या जाळ्यामुळे व्यापार वाढत असताना, तिथल्या जमिनीचे भाव इतके चढले की मालकांना वरच्या दिशेने बांधण्यावाचून पर्याय उरला नाही. लिफ्टचा दोर तुटला तरी पाळणा कोसळत नाही, हे एलिशा ओटिस यांनी 1854 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर दाखवले होते, आणि वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद बनवण्याच्या बेसेमर प्रक्रियेमुळे पोलादही स्वस्त होत गेले होते. विल्यम ल बॅरन जेनी यांची 10 मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग 1885 साली उभी राहिली, तेव्हा तिचा बराचसा भार भिंतींऐवजी लोखंड आणि पोलाद यांच्या सांगाड्याने पेलला. पहिली गगनचुंबी इमारत हीच का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, पण सांगाड्यामुळे काय बदलले हे पाहायला त्याच शहरात आणखी चांगले उदाहरण आहे. मोनॅडनॉक बिल्डिंगचा 1891 मधला उत्तरेकडचा भाग 16 मजल्यांचा असून तो विटांच्या भारवाही भिंतींवर उभा आहे. त्या भिंती पायथ्याशी सुमारे 6 फूट जाड आहेत. अवघ्या दोन वर्षांनी जोडलेल्या दक्षिणेकडच्या भागाला मात्र पोलादी सांगाडा आहे. एकाच इमारतीत शेजारी शेजारी दिसणारा हा फरक समजावून सांगायचा, तर आगीचा इतिहास, जमिनीचे अर्थशास्त्र, धातूंचे रसायन आणि बलांचे भौतिकशास्त्र यांपैकी एकही वगळता येत नाही.

याच शहरात शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई 1894 साली शिकागो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले आणि जानेवारी 1896 मध्ये त्यांनी 16 मुलांची एक प्रयोगशील शाळा सुरू केली. वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांनी उंच कचेरी-इमारतीच्या कलात्मक रूपाविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला तो याच वर्षी. ड्यूईंच्या शाळेत गगनचुंबी इमारत हा अभ्यासविषय होता असे मात्र नव्हे. तिथे स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम अशी माणसाची मूळ कामे केंद्रस्थानी होती, आणि मोजमाप, वाचन, लेखन, निसर्गज्ञान त्या कामांच्या गरजेतून शिकवले जाई. पुढच्या शिक्षकांनी इमारतीच्या बाबतीत वापरलेले तत्त्व हेच होते.

ड्यूई 1904 साली शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथेच त्यांचे विद्यार्थी विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्प पद्धतीवरचा, म्हणजे मुलांनी मनापासून हाती घेतलेल्या कामातून शिकवण्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच काळात शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी 1914 साली न्यूयॉर्कच्याच ग्रेनिच व्हिलेज भागात एक छोटी शाळा काढली होती. त्यांनी तयार केलेले लाकडी ठोकळे एका ठरावीक मापाच्या निमपट, दुप्पट, चौपट असत. भोवतालचे शहर, त्यातले बोटींचे धक्के, पूल आणि घरे हिंडून पाहायची आणि वर्गात परतल्यावर ती ठोकळ्यांनी उभी करायची, असा तिथला क्रम होता. त्यामुळे अपूर्णांक आणि गुणोत्तर मुलांच्या हाताला आधी कळत आणि त्यांची नावे मागाहून येत.

या शाळेत शिकवणाऱ्या ल्युसी स्प्रेग मिचेल यांचे बालपण शिकागोत गेले होते. त्यांनी 1921 साली मुलांसाठी प्रसिद्ध केलेल्या कथासंग्रहात गगनचुंबी इमारतीवर एक कथा आहे. सात वर्षांच्या मुलांना सुटी सुटी ठाऊक असलेली माहिती एकत्र गुंफून तिच्यातून एका आधुनिक उद्योगाची अखंड प्रक्रिया उभी करावी, असा त्या कथेमागचा हेतू होता. मला या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो, कारण इथे इमारत गणिताचे उदाहरण म्हणून किंवा विज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हणून आलेली नाही. ती स्वतःच विषय आहे आणि बाकीचे ज्ञान तिच्यासाठी धावून येते.

दुसरा असाच धागा लुईस हाइन यांचा आहे. छायाचित्रकार म्हणून ते जगाला परिचित असले तरी मुळात ते न्यूयॉर्कच्या एका शाळेत शिक्षक होते आणि कॅमेरा त्यांनी तिथेच हाती घेतला. एम्पायर स्टेट बिल्डिंगचे बांधकाम मार्च 1930 मध्ये सुरू होऊन 1 मे 1931 रोजी तिचे उद्घाटन झाले. 381 मीटर उंचीच्या या कामावरचे लोहार, रिव्हेट (पोलादी भाग जोडणारे खिळे) ठोकणारे, यारी चालवणारे कामगार हाइन यांनी टिपले, आणि 1932 साली अशा छायाचित्रांचे एक पुस्तक त्यांनी मुलामुलींसाठी काढले. आज वर्गात कागदाच्या नळ्यांचे मनोरे होतात, ते व्हायलाच हवेत; पण इमारत कोणाच्या हातांनी उभी राहते हा हाइन यांनी ठेवलेला धडा त्यात अनेकदा हरवतो, याची खंत वाटते.

नागरिकशास्त्राचा धडा तर न्यूयॉर्कने त्याआधीच पुरवला होता. 1915 साली पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगचा भूखंड एका एकराहून थोडा कमी होता आणि तिच्या सगळ्या मजल्यांचे क्षेत्रफळ सुमारे 12 लाख चौरस फूट, म्हणजे भूखंडाच्या जवळपास तीसपट होते. तिची सावली 7 एकरांवर पसरते अशी तक्रार झाली. अशा तक्रारींना 1916 च्या नियमावलीने उत्तर दिले आणि उंच इमारतींना वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरकायला लावले. सावलीची लांबी समरूप त्रिकोणांवरून काढता येते, परंतु शेजाऱ्याचा उजेड अडवण्याचा हक्क कोणाला आहे, हा प्रश्न त्रिकोणांनी सुटत नाही.

शतकाच्या मध्याला हा प्रवाह आटला. 1955 साली अशा अध्यापनाचा पुरस्कार करणारी अमेरिकेतली पुरोगामी शिक्षणाची संघटना विसर्जित झाली, 1957 साली सोव्हिएत संघाचा उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला आणि गणित व विज्ञान स्वतंत्रपणे, काटेकोरपणे शिकवण्यावर भर आला. नेमक्या याच काळात शिकागोत मूळचे ढाक्याचे अभियंता फझलुर रहमान खान उंच इमारतींची रचना नव्याने मांडत होते. वारा एकसारखा आणि रुंदी तीच धरली, तर उंची दुप्पट होताच पायथ्याशी वाऱ्यामुळे येणारा वाकवण्याचा परिणाम चौपट होतो. खान यांनी बाहेरची संपूर्ण चौकट नळीसारखी वापरून तो पेलला. 1973 साली पूर्ण उंची गाठलेला सीअर्स टॉवर (आताचा विलिस टॉवर) म्हणजे अशा नऊ चौकोनी नळ्यांची जुडी आहे. त्यातली प्रत्येक नळी 75 फूट रुंदीची असून नळ्या वेगवेगळ्या उंचीवर थांबत जातात.

पुढे हा विषय शाळांत परतला तो बऱ्याच अंशी संग्रहालये आणि वास्तुवारसा जपणाऱ्या संस्थांच्या वाटेने. एक जुने घर वाचवण्यासाठी 1966 साली स्थापन झालेल्या शिकागोच्या वास्तुकला संस्थेने शिक्षकांसाठी पाठ तयार केले, न्यूयॉर्कमध्ये 1996 साली गगनचुंबी इमारतींचे स्वतंत्र संग्रहालय स्थापन झाले, आणि 2000 साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने पूल, घुमट, धरणे, बोगदे यांच्यासोबत गगनचुंबी इमारतींवर मालिका केली, तेव्हा तिच्या जोडीला वर्गात करायचे उपक्रमही दिले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध थोडा आहे, पण जो आहे तो खरा आहे. स्कॉटलंडच्या एडिंबरोमधल्या एका मनोऱ्यात मजल्यागणिक शहर, देश, खंड आणि जग यांचे ज्ञान मांडणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. शहर चालून पाहणे आणि त्याची पाहणी नोंदवणे हेच शिक्षण, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्यानंतर विभागाची धुरा मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून द्यायच्या शिक्षणाची मांडणी झाली आणि एका उद्योगाभोवती सगळे विषय गुंफण्यासाठी ‘समवाय’ हा शब्द आपल्या शिक्षकांच्या तोंडी रुळला. तिथे केंद्रस्थानी चरखा आणि शेती होती. मुंबईत आज केंद्रस्थानी इमारत ठेवायची, तर वर्तमानपत्रांत रोज दिसणारा चटईक्षेत्र निर्देशांक हाती आहेच. इक्विटेबल बिल्डिंगचे 12 लाख चौरस फूट तिच्या भूखंडाने भागल्यावर येतो तोच हा आकडा, आणि तो कोणत्या भागात किती असावा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इथेही नागरिकशास्त्राच्या तासाचाच आहे.